मिशन समितीची जबाबदारी अंगावर आली आहे? कोकणातल्या छोट्या मंडळीसाठी स्थानिक आणि परदेश सेवेचा मार्गदर्शक

वार्षिक सभेत नाव पुकारलं जातं, टाळ्या वाजतात, पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि दुसऱ्या दिवशी हातात एक फाईल येते. माझ्या फाईलमध्ये दोन सुट्या पावत्या, एक जुना जगाचा नकाशा आणि कुणा सुवार्तिकाचं (ख्रिस्ताची सुवार्ता सांगणाऱ्या सेवकाचं) मदतीसाठीचं पत्र होतं. पत्राला उत्तर गेलं होतं की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी निवृत्त परिचारिका. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, मिशन समिती गेली आठ वर्षं सांभाळते. आमची मंडळी बेचाळीस घरांची आहे, आणि त्यातली कितीतरी घरं गणपती-मे सोडले तर कुलूपबंद असतात. मोठ्या शहरातल्या मंडळ्यांचे सल्ले आम्हाला फारसे उपयोगी पडले नाहीत. म्हणून कोकणात हे काम कसं उभं राहतं, ते क्रमाने लिहिते.

१८२३ साली स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले, तेव्हापासून कोकण म्हणजे मिशन 'येण्याची' जागा, असंच आपल्या मनात बसलं आहे. इथून कुणी काही पाठवायचं असतं, ही गोष्ट मंडळीला पटवून देण्यातच तुमचं पहिलं वर्ष जाईल. ते जाऊ द्या.

१. पहिले तीन महिने नवं काही सुरू करू नका, वही लिहा

एक शंभर पानी वही घ्या आणि घरोघर जा. प्रत्येक घरात तीन प्रश्न विचारा. तुमच्यातलं कोण बाहेर आहे आणि कुठे? तुमच्या आसपास बाहेरून आलेलं कोण राहतं? तुम्ही कुणाला आधीपासून काही मदत करता का?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आमच्याकडे त्या प्रश्नाला आलेल्या एका उत्तराने सगळं काम बदललं. मंडळीतल्या एक आजी मला म्हणाल्या, "मी काय करणार गो? बागेतल्या नेपाळ्याच्या बायकोला ताक देते, तिच्या पोराला धरते, एवढंच."

रत्नागिरीच्या हापूसच्या बागांमधून दिवाळीनंतर नेपाळी कुटुंबं येतात. राखण, फवारणी, तोडणी, पेट्या भरणं, सगळं करतात आणि पावसाच्या आधी परत जातात. मी आजींबरोबर त्या बागेत गेले. ती मुलगी विशी-बाविशीची असेल. तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाळाचं लसीकरणाचं कार्ड काढलं. कार्ड नेपाळी भाषेत, पण लिपी देवनागरी, त्यामुळे मला वाचता आलं. जन्मसाल होतं २०७५. क्षणभर काही कळेना, मग लक्षात आलं की तिथे विक्रम संवत चालतो आणि आपल्या सनात ५६-५७ वर्षं मिळवायची. उपकेंद्रातल्या सिस्टरनी नेमकी ती तारीख पाहूनच तिला परत पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले, तारखा बदलून कागदावर लिहून दिल्या आणि बाळाच्या राहिलेल्या लसी सुरू झाल्या.

आमची परदेश सेवा त्या दिवशी सुरू झाली. त्यासाठी पासपोर्ट लागला नाही. तुमच्या गावात बाग नसेल तर बंदर असेल, वीटभट्टी असेल, बांधकाम असेल. मिरकरवाडा, हर्णैसारख्या बंदरांत ट्रॉलरवर काम करणारे खलाशी किती ठिकाणांहून आलेले असतात, ते एकदा पहाटे जाऊन बघा.

२. समिती लहान ठेवा

पाच जण पुरेत. त्यात महिला मंडळातली एक बाई, तरुण संघातलं एक जण आणि जिचा नवरा किंवा मुलगा आखातात अथवा जहाजावर आहे अशी एक व्यक्ती असलीच पाहिजे. खजिनदार आणि निमंत्रक एकच माणूस नको, एकाच घरातलेही नकोत. बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी. इतिवृत्त चार ओळींचं असलं तरी चालेल, पण लिहिलेलं हवं.

३. पैशाची घडी आधी बसवा

सेवेची आवड असलेल्या लोकांना हा भाग कंटाळवाणा वाटतो, मलाही वाटायचा. पण मंडळ्यांची मिशनकामं बंद पडतात ती बहुतेक इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मंडळी सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असेल, तर महाराष्ट्रात १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम लागू होतो. आधी पाळकसाहेबांकडून नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची सध्याची यादी आणि मागच्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल मागून घ्या. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक ठिकाणी वारलेल्या विश्वस्तांची नावंच चालू असतात आणि बँकेत सही बदलायला गेलं की काम अडतं.

मिशन निधीचं खातं वेगळं किंवा निदान खतावणीचं पान वेगळं. प्रत्येक अर्पणाला पावती. क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचा असावा. निमंत्रकाच्या खासगी खात्यावर 'सध्यापुरते' पैसे घेणं हा सगळ्यात नेहमीचा सापळा आहे. हेतू कितीही शुद्ध असला तरी हे करू नका. ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, मान्यता तुमच्या संस्थेला खरोखर असेल तरच पावतीवर तसं छापा. मंडळीची विश्वस्त संस्था म्हणजे ती सवलत आपोआप मिळते, असं नाही.

आता परदेशी पैसा. मंडळीतली मुलं बाहेर असतात आणि प्रेमाने पाठवू पाहतात. इथे नियम पासपोर्टवर ठरतो. दुबईत नोकरी करणारा, भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत अर्पण पाठवतो, तेव्हा ते परदेशी योगदान धरलं जात नाही. पण कॅनडाचं नागरिकत्व घेतलेली तुमची सख्खी भाची पाच हजार पाठवते, तेव्हा ते परदेशी योगदान ठरतं. तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरी तेच, आणि भारतातल्या खात्यातून रुपयांत पाठवलं तरी तेच. २०१० च्या परदेशी योगदान कायद्याखाली, म्हणजे ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात त्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर असे पैसे घेता येत नाहीत. नोंदणी असेल तर ते दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेला पुढे देताही येत नाहीत आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आली आहे. दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एफसी-४ हे विवरण भरायचं असतं, पैसा आला नसला तरी.

आमच्यासारख्या छोट्या मंडळीला माझा स्पष्ट सल्ला: नोंदणी नसेल तर परदेशी नागरिकांकडून पैसे घेऊ नका आणि नम्रपणे कारण सांगा. आमच्याकडच्या अशाच एका भाचीला वाईट वाटलं होतं. मी तिला सांगितलं की दर महिन्याला आजीला व्हिडिओ कॉल कर आणि नर्सिंगच्या मुलींना इंग्रजी शिकव. ती आजही शिकवते.

उलट दिशेचंही सांगते. विश्वस्त संस्थेचा पैसा परस्पर परदेशात पाठवू नका. बँकेतून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवण्याची जी सोय आहे, ती व्यक्तींसाठी आहे, संस्थेसाठी नाही. आणि संस्थेने भारताबाहेर खर्च केला तर करसवलतीचा प्रश्न उभा राहतो. सीएला विचारल्याशिवाय एक रुपयाही नको.

४. स्थानिक काम: मदतीला अट नको

समितीच्या पहिल्याच बैठकीत हे लिहून ठराव करा: मदत घेणाऱ्याला उपासनेला ये असं म्हणायचं नाही, फॉर्म भरून घ्यायचा नाही, फोटो काढायचा नाही. घटनेच्या कलम २५ ने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. पण प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या निकालात सांगितलं आहे. शिवाय अनेक राज्यांत याविषयी स्वतंत्र कायदे आहेत, ओडिशात तर १९६७ पासून. आपल्या राज्यात सध्या काय लागू आहे ते वकिलाला विचारून वहीत लिहून ठेवा आणि दरवर्षी पुन्हा विचारा. मात्र मी हा नियम कायद्याच्या भीतीने सांगत नाही. भुकेल्या माणसापुढे भाकरी धरून त्याच्याकडून काही मागणं हेच मुळात चूक आहे. कुणी आपणहून तुमच्या विश्वासाबद्दल विचारलं, तर मोकळेपणी सांगा. आडपडदा नको आणि ओढाताणही नको.

आपत्तीत काय न्यायचं, ते मी चिपळूणला शिकले. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं. तिसऱ्या दिवशी आम्ही तांदूळ आणि कपडे घेऊन पोचलो. एका घराच्या उंबऱ्यापाशी गुडघाभर चिखल, भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर पाण्याची रेघ. त्या घरातल्या ताई तांदळाच्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, "हे ठेवू कुठे? आधी खराटा द्या, आणि एक कोरडी काडेपेटी." आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

तेव्हापासून मंडळीच्या मागच्या खोलीत एप्रिलअखेर हे भरून ठेवलेलं असतं: खराटे, फावडी, घमेली, बादल्या, गमबूट, रबरी हातमोजे, ब्लिचिंग पावडर, फिनेल, मेणबत्त्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या काडेपेट्या, ताडपत्री, दोरी, सॅनिटरी पॅड. औषधं आम्ही वाटत नाही. पुरानंतर लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) गोळ्या आरोग्य खातं देतं, त्यांच्या माणसांना घरोघर वाट दाखवणं हे आपलं काम. आणि निघण्यापूर्वी तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाला फोन करून कुठे गरज आहे ते विचारा. नाहीतर रस्त्यावरच्या चार गावांना सगळं मिळतं आणि आतल्या वाडीला काहीच पोचत नाही.

मुलांसोबत काम असेल (शिकवणी, सुट्टीतलं शिबिर) तर कायम दोन मोठी माणसं हजर हवीत, त्यातली एक बाई, आणि खोलीचं दार उघडं. हा नियम पाळकांनाही लागू आणि तुम्हालाही.

५. वर्ष कोकणाच्या हिशोबाने आखा

राज्याच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. खलाशी तेव्हा गावी जातात, म्हणून बंदरावरचं काम ऑगस्ट ते मे. बागेतलं काम दिवाळी ते मे. गणपतीत आणि शिमग्यात काहीही ठेवू नका. त्या दिवसांत अख्खं गाव आपल्या घरात असतं आणि तुम्ही शेजारी म्हणून त्यांच्याकडे जायचं असतं. मे महिन्यात चाकरमानी मंडळी येतात, तेव्हा एक रविवार मिशनचा ठेवा. वर्षभराचा हिशोब त्याच दिवशी फळ्यावर लिहा, पैन् पै.

६. परदेश सेवा: आधी आपलीच माणसं

वहीत बाहेरची नावं मोजली तेव्हा आमच्याकडे आखातात अकरा जण, जहाजांवर चौघं आणि परदेशात नर्स असलेल्या दोघी निघाल्या. ही माणसं जाण्याआधी, तिथे असताना आणि परत आल्यावर, अशा तिन्ही वेळी मंडळीने सोबत राहायचं.

*जाण्याआधी.* शनिवारी संध्याकाळी दोन तास 'कागद बघायची' वेळ ठेवा. आमच्याकडे आता शेजारच्या मोहल्ल्यातले तरुणही येतात, येऊ द्या. कामाच्या करारावर पगार, कामाचे तास, राहण्याची सोय लिहिली आहे का? एजंट सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे का? नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाख-दीड लाख मागत असेल तर तिथेच थांबा. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर एमिग्रेशन चेकचा (ईसीआर) शेरा असतो. अशा माणसाला ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना परवानगी लागते आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमाही घ्यावा लागतो. 'टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ' असं कुणी म्हणालं, तर तो मुलगा जाणार नाही यासाठी त्याच्या आईशी बोला. जहाजावर जाणाऱ्यांच्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना हवा. त्याला आरपीएसएल म्हणतात आणि त्यांच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो.

*फराळाचं एक.* नाताळला आपण प्रेमाने डबा पाठवतो. त्यात अनारसे असतात आणि अनारशांवर खसखस. संयुक्त अरब अमिरात, सौदी, कतार या देशांत खसखस अमली पदार्थ म्हणून बंद आहे. थोडीशी सापडली तरी माणूस तुरुंगात जाऊ शकतो. कुणाच्याही हाती, कुणासाठीही खसखस घातलेलं काही देऊ नका, मसाल्यातही नको. चकल्या-शंकरपाळे पाठवा. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि त्या देशाच्या नियमाप्रमाणेच.

*तिथे असताना.* दर आठवड्याला एक ठरलेला फोन. अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी असते, कुवेत आणि सौदीत शुक्रवार-शनिवार. अबुधाबीचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेतचं अडीच तास. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, म्हणजे रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाला उठवलं जाणार नाही. उपासनेचे नियम देशागणिक वेगळे आहेत. अमिराती आणि कुवेतमध्ये मान्यताप्राप्त जागी उपासना चालते, सौदीत सार्वजनिक उपासनेला परवानगी नाही. तिथल्या आपल्या माणसांना खोलीत सभा घ्या, पत्रकं वाटा, वर्गणी गोळा करा, असं इथे बसून कधीही सांगू नका. धोका त्यांना असतो. व्हॉट्सअॅप गटावर त्यांची नावं, जागा, फोटो टाकू नका. प्रार्थनेसाठी आद्याक्षर पुरतं.

जहाजावरच्या माणसाचं कुटुंब इथे सहा-सहा, नऊ-नऊ महिने एकटं असतं. त्या घराची वीजबिलं, सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलाचा दाखला, हे सगळं मिशन समितीचं काम आहे. कुणी 'हे कसलं मिशन' म्हणालं तर त्याला एकदा त्या घरी सोबत न्या.

७. सेवकाला पाठिंबा द्यायचा असेल तर

फाईलमधलं ते पत्र आठवतं ना? आम्ही उत्साहाने दुसऱ्या राज्यातल्या एका सुवार्तिकाला महिना चार हजार द्यायचं ठरवलं. चार महिने दिले, मग सण आले, छप्पर गळलं आणि पाच महिने काहीच गेलं नाही. त्याने एकदाही तक्रार केली नाही. वर्षअखेरीस फोनवर कळलं की मुलीची शाळा सुटली. ती चूक आमची होती आणि मी ती विसरलेले नाही.

आता आमचा नियम असा: वर्षभराची रक्कम खात्यात जमा असेल तरच वचन द्यायचं, मग ती महिना हजार का असेना. पैसे व्यक्तीच्या हातात न देता ज्या संस्थेत तिचा हिशोब, आरोग्यविमा, मुलांचं शिक्षण बघितलं जातं, तिच्यामार्फत द्यायचे. भारतीय माणसांनी उभ्या केलेल्या जुन्या संस्था आहेत. नॅशनल मिशनरी सोसायटी १९०५ ची, इंडियन इव्हँजेलिकल मिशन १९६५ चं. त्यांचा अहवाल मागा, वाचा, प्रश्न विचारा. आणि वर्षातून एकदा तरी मंडळीतल्या दोघांनी स्वखर्चाने तिथे जाऊन त्या कुटुंबासोबत दोन दिवस राहावं. तपासणी म्हणून जाऊ नका, पाहुणे म्हणून जा.

तरुण मुलं नेपाळला 'मिशन ट्रिप' काढू या म्हणतील, कारण व्हिसा लागत नाही. व्हिसा लागत नाही, पण तिथे दुसऱ्याचं धर्मांतर करणं आणि त्यासाठी प्रोत्साहन देणं हा गुन्हा आहे आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमची मुलं गेली ती बागेतल्या एका कुटुंबाच्या घरी, त्यांनी बोलावलं म्हणून. आठ दिवस त्यांच्या शेतात मका खुडला आणि परत आली.

८. परदेशी पाहुणे येणार असतील तर

टुरिस्ट व्हिसावर आलेल्या पाहुण्याला उपदेशाला उभं करू नका. त्यासाठी मिशनरी व्हिसा हा वेगळा प्रकार आहे. ओसीआय कार्ड असलेल्यांनाही मिशनरी कामासाठी विशेष परवानगी लागते. पाहुणा तुमच्या घरी उतरला, तर २४ तासांच्या आत त्याच्या माहितीचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, हे बहुतेकांना माहीतच नसतं. पाहुण्याला बाकावर बसवा, जेवू घाला, बंदर दाखवा. तेवढ्यावर कुणाची हरकत नसते.

९. फाईलमध्ये काय हवं

- विश्वस्त नोंदणीचा दाखला, विश्वस्तांची ताजी यादी, बदल अर्जाची पोच
- मंडळीचं पॅन, शेवटच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल
- मिशन निधीची खतावणी, पावतीपुस्तकं (वापरलेलीसुद्धा)
- बाहेरून अर्पण देणाऱ्या प्रत्येकाच्या भारतीय पासपोर्टची प्रत
- समितीचे ठराव: विनाअट मदत, मुलांची सुरक्षा, फोटोबंदी
- तहसील, पोलीस ठाणं, उपकेंद्र, ओळखीचा वकील आणि सीए यांचे नंबर
- परदेशातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट क्रमांक, कराराची प्रत, मालकाचा पत्ता आणि त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर. हे पाकीट बंद, कुलपात

१०. पुढच्याला सोपवताना

फाईल टेबलावर ठेवून मोकळे होऊ नका. नव्या निमंत्रकाला एक महिना सोबत घेऊन फिरा: प्रत्येक बागेत, बंदरावर, जहाजावरच्या माणसाच्या प्रत्येक घरी. आखातातल्यांना फोन लावून आवाजाची ओळख करून द्या. तुमच्या मोबाइलमधले नंबर वहीत उतरवा, स्वच्छ अक्षरात. बागेतल्या कुटुंबांची नावं त्यांच्याकडूनच विचारून घेऊन लिहा. आपण वर्षानुवर्षं त्यांना नुसतं 'गुरखा' म्हणत आलो आहोत. आणि सध्या ज्यांना वचन दिलेलं आहे त्यांची यादी वेगळ्या कागदावर, रक्कम आणि तारखेसह, वहीच्या पहिल्या पानाला टाचून द्या.